भाऊंची जीप हलकी कशी झाली

१

आरे कॉलनीतलं चढावरचं ते वळण भाऊंच्या माहितीप्रमाणे कायम उजवीकडे वळत आलंय. रविवारी सकाळीही ते वळलं. जीप मात्र वळली नाही. ती सरळ गेली, तबेल्याचं बांबूचं कुंपण मोडून शेणाच्या ढिगात बॉनेटपर्यंत शिरली आणि थांबली. पलीकडे एक म्हैस रवंथ करत उभी होती. तिने रवंथ थांबवला नाही.

भाऊ म्हणजे चंद्रप्रकाश तळवडेकर. वय पंच्याहत्तर, विमानतळाच्या कार्गोतून निवृत्त, कपाळावरचं ताजं टेंगूळ सोडलं तर धडधाकट. अपघातानंतर त्यांनी पहिला फोन बायकोला केला नाही, मुलाला केला नाही. खालच्या मजल्यावरच्या श्रुतिकाला केला.

“श्रुते, जरा ये. येताना एक जुना टॉवेल आण. फार आवडता नको.”

श्रुतिका टीव्ही मालिकांची कंटिन्युइटी सांभाळायची. आधीच्या शॉटमध्ये सासूच्या हातात दोन बांगड्या असतील तर पुढच्यात त्या तीन होऊ द्यायच्या नाहीत, यावर तिचं पोट चालायचं. त्यामुळे तिला जगातली कुठलीच गोष्ट एकदा बघून भागत नसे. अंधेरी पूर्वेच्या सहजीवन सोसायटीत तिच्या नावावर दोन तपास जमा होते. गच्चीवरचे पापड चेअरमननी खाल्ले होते, कावळा निर्दोष सुटला. आणि लिफ्टमधला चोरीला गेलेला आरसा तिथे कधी नव्हताच.

सवयीने तिने पोचल्या पोचल्या फोटो काढले. जिपची पुढची दोन्ही चाकं पार उजवीकडे वळलेली होती आणि वळल्यामुळे समोर आलेल्या बाजूवर शेण थापल्यासारखं चेपलं होतं. मागच्या बाजूला लाल रंगाचा एक कॅन फुटून खाली डबकं झालं होतं. दुसरी एक म्हैस त्या डबक्यातलं पाणी शांतपणे पीत होती.

भाऊ उपड्या बादलीवर बसले होते. “मी वळवलं,” ते म्हणाले. “ती वळली नाही.”

तेवढ्यात त्यांचा मुलगा हर्षद रिक्षातून उतरला. त्याने बापाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, सगळं जागेवर आहे म्हटल्यावर मग चिडला.

“बाबा, डुलकी लागली तुम्हाला.”

“नाही रे.”

“मग सरळ रस्ता सोडून म्हशीकडे कोण जातं? तुम्हाला आठवत नसेल. होतं असं या वयात.”

भाऊंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. “असेल बाबा,” ते म्हणाले. “वळवलं असं मला आपलं वाटतंय खरं.”

श्रुतिकाला ते ‘वाटतंय’ अजिबात आवडलं नाही. हा माणूस आयुष्यात कधी ‘वाटतंय’ म्हणाला नव्हता. तो पाऊस येणार म्हणाला की लोक छत्र्या उघडायचे.

“पुढच्या रविवारी भंगारवाल्याला बोलावतो,” हर्षद म्हणाला. “आणि तुमचं ड्रायव्हिंग बंद.”

भाऊंनी मान हलवली. होकारार्थी.

श्रुतिकाने टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि वळता वळता जिपच्या पुढच्या बंपरमधून काहीतरी चिमटीत उचललं. पांढरं, मऊ, रेशमी.

जिपच्या पोटातून कापूस निघत होता.

२

ही जीप लष्कराच्या लिलावातून आली तेव्हा श्रुतिका जन्मली नव्हती. मरोळला मेट्रोचे खांब नव्हते, खांब येतील अशी अफवाही नव्हती. पुढे श्रुतिका जन्मली, बसायला शिकली आणि लगेच जिपच्या मागे बसली, कारण सोसायटीतली सगळीच पोरं तिथे बसायची. समोरासमोर दोन बाकडी, मध्ये गुडघ्यांची मारामारी. तापलेल्या रेक्झिनला मांड्या चिकटायच्या आणि उठताना आवाज यायचा. पेट्रोलच्या वासात कुणाच्या तरी खिशातल्या पेरूचा वास मिसळलेला असायचा. दर रविवारी भाऊ पोरांना आरेला नेऊन बाटलीतलं थंड मसाला दूध पाजायचे. वळण आलं की ते नुसतं “धरा” म्हणायचे. मग सगळे एकमेकांना धरायचे. जिपला कुणीच धरायचं नाही.

त्या जिपने वराती नेल्या, गणपती आणले, गॅसचे सिलेंडर वाहिले. कशेडी घाटात ओकणाऱ्या तीन पिढ्या तिने निमूट सहन केल्या. हर्षद तर जन्माला यायच्या दिवशी याच जिपने दवाखान्यात गेला होता. आपल्याला ते आठवत नाही, असं तो म्हणतो.

घोळ सुरू झाला तो भाऊंच्या पंच्याहत्तरीला. त्यांच्या पत्नी कुंदाकाकू यांना तुला करायची होती. एका पारड्यात भाऊ आणि दुसऱ्यात गूळ, आणि मग तो गूळ दान. पण भाऊंना मधुमेह. ज्याला गूळ बघायचीही बंदी, त्याला वजनाइतका गूळ दाखवायचा म्हणजे छळ. तेव्हा नितेश पुढे झाला. हाही सोसायटीतला, भाऊंच्याच जिपमध्ये वाढलेला. मालाडला त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं, डोंगरदऱ्यांत गाडी घालणाऱ्यांसाठी.

“तुला जिपच्या सामानाने करू,” तो म्हणाला आणि लोकांना ते पटलं. सहजीवनमध्ये लोकांना काहीही पटतं.

मरोळच्या एका गोदामातून मोठा तराजू आला. भाऊ मांडी घालून एका पारड्यात बसले. दुसऱ्यात नितेशने विंच ठेवली, म्हणजे चिखलात रुतलेली गाडी लोखंडी दोराने ओढून काढणारं यंत्र. सोसायटीने जादा चाक, ते मागे टांगायचा लोखंडी सांगाडा आणि मागचा जाडजूड बंपर दिला. श्रुतिकाने जादा पेट्रोल न्यायचे दोन लाल कॅन दिले. तरी पारडं किंचित वर राहिलं. तेव्हा हर्षदने आपली लॅपटॉपची बॅग त्यात ठेवली, फोटो काढून घेतला आणि बॅग परत उचलली.

काकूंचा चेहरा पडला. “तुळेतला परत घेणत नाय रे.”

आता प्रश्न दानाचा. विंच दान कुणाला देणार? भटजींनी विचार करून स्वतःला वगळलं. शेवटी दान जिपलाच द्यायचं ठरलं. नितेशने ते दान वेल्डिंग करून आणि बोल्ट आवळून तिच्या अंगावर चढवलं. थोडक्यात, त्या दिवसापासून जिपमध्ये भाऊ दोनदा बसू लागले.

त्यामुळे पहिला संशय सरळ नितेशवर जात होता.

३

मालाडच्या दुकानात नितेश जीपच्या एका सुट्या दारावर कोपर टेकून उभा होता. दार उघडून कुठे जायचं नव्हतं, पण ऐट होती. स्वतः तो बायकोच्या स्कूटरवरून यायचा.

“यार श्रुते, माझ्यावर नको घालू. मी तोलूनमापून बसवलंय सगळं.”

“तोलून कसं?”

“हे बघ. बागेतला सी-सॉ आठवतो? मागच्या चाकाच्याही मागे तू काही टांगलंस, की ते नुसतं मागे बसत नाही, पुढचं उचलतं. जितकं लांब टांगशील तितकं जास्त. मागे मी स्टेपनी, सांगाडा, बंपर लावला ना, म्हणून पुढे विंच. इकडे जितकं, तितकं तिकडे.”

“आणि नाही तोललं तर? चारही चाकं ओढतात ना तिची?”

“ओढतात चारही. वळवतात पुढची दोनच. तीच जमिनीवर नीट दाबलेली नसतील तर वळवणार काय, हवा?”

“म्हणजे एवढं लोखंड लावून गाडी चांगली झाली?”

नितेशने दाराची काच खाली केली आणि परत वर केली. “चांगली नाही गं. जड झाली, ब्रेक आधी दाबावा लागतो, वळणावर डुलते. पण सगळीकडून सारखीच वाईट झाली. भाऊ म्हणायचेच, जड झालीय पण ऐकते.”

“माझे कॅन?”

“रिकामे. फोटोपुरते.”

श्रुतिकाने मोबाइल काढून शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आलेला भाऊंचा आवाज लावला. “पोरांनो, आज आरेला चक्कर मारली. गाडी एकदम हलकी चालतेय. स्टिअरिंग एका बोटाने फिरतंय. जुने दिवस आठवले.” त्याखाली सगळ्यांनी अंगठे टाकले होते. गाडी हलकी चालते म्हणजे सर्व्हिसिंग झकास झालं, एवढंच प्रत्येकाला कळलं होतं.

“तू सर्व्हिसिंग केलंस?”

“नाही.” नितेशचं कोपर दारावरून खाली आलं. “परत लाव.”

तिने परत लावलं.

“वाट लागली,” तो हळूच म्हणाला. “ते कौतुक नाहीये. स्टिअरिंग हलकं झालं म्हणजे पुढची चाकं उचलली गेलीत. जड गाडी आपोआप हलकी होत नाही, श्रुते. कुणीतरी तिला हात लावलाय.”

४

कुंदाकाकू घरात उशी शोधत होत्या.

“सावंतवाडीच्या सावरीची गो,” त्या म्हणाल्या. “माझ्या आयशीने भरलेली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती, आता नाय. उशी कोण चोरता?”

श्रुतिकाने चिमटीतला कापूस पुढे केला. काकूंनी तो गालाला लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. “हीच. खय गावली?”

“शेणात,” असं म्हणणं श्रुतिकाच्या जिवावर आलं. “सांगते नंतर.”

आतल्या खोलीत भाऊ खुर्चीत बसून, समोर काहीही नसताना, हात गोल फिरवून बघत होते. आधी उजवीकडे, मग परत सरळ. श्रुतिका दिसल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“एक विचारू गं? समजा माणसाने एखादी गोष्ट केली नाही, पण केल्याचं त्याला स्वच्छ आठवतं. मग बाकीचं जे आठवतं, त्याचं काय?”

श्रुतिकाने मोबाइलवर चाकांचा फोटो परत उघडला.

निघताना काकूंनी तिचा परवाचा चिवड्याचा डबा परत दिला. आत मूठभर साखर होती.

“काकू, कशाला?”

“रिकामो डबो कोण दिता गो?”

हर्षद खाली पार्किंगमध्ये होता, शेणातून ओढून आणलेल्या जीपशेजारी. त्याची विजेची गाडी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, गिअर मागत नाही. तिला फक्त चार्जिंगचा खांब लागतो आणि तो खांब जीपच्या जागेत होता. म्हणजे जीप जावी असं वाटायला त्याच्याकडे अगदी छापील कारण होतं.

“तू मला संशयित समजतेस?” त्याने विचारलं.

“सगळ्यांनाच समजते रे. तू फक्त जवळ राहतोस.”

“मला गाडी नकोय, बाबा हवेत. तो लोखंडाचा बाजार बघून मी वाचून काढलं सगळं. पुढच्या चाकांच्याही पुढे वजन टांगलं की गाडी नाक खाली घालते, ब्रेक उशिरा लागतो, वळायला कुरकुरते. म्हणून तर मी—”

तो थांबला. त्याने मोबाइल कानाला लावला आणि “हॅलो, हॅलो” करत जिन्याकडे गेला.

मोबाइल वाजला नव्हता.

५

शनिवारी संध्याकाळी श्रुतिकाने सगळ्यांना तळवडेकरांच्या हॉलमध्ये बसवलं. नितेश स्टुलावर, हर्षद दाराजवळ, काकू कांदाभज्यांची परात घेऊन मध्यभागी. भाऊ खिडकीशी, पाठ फिरवून. उद्या सकाळी भंगारवाला येणार होता.

“आधी एक गोष्ट मिटवू,” ती म्हणाली. तिने फोटो टीव्हीवर लावला. “ही चाकं बघा. पार उजवीकडे. हर्षद, तू म्हणशील ती धडकल्यावर वळली. पण शेण वळल्यामुळे समोर आलेल्या बाजूवर चेपलंय. म्हणजे ढिगात शिरताना चाकं आधीच वळलेली होती. डुलकीतला माणूस स्टिअरिंग पूर्ण फिरवत नाही. भाऊ, तुम्ही वळवलं होतं. वाटत नव्हतं तुम्हाला. वळवलं होतं.”

भाऊंची पाठ हलली नाही. खिडकीच्या गजावरचा हात मात्र घट्ट झाला.

“मग वळली का नाही? कारण ती हलकी झाली होती. शनिवारी भाऊ स्वतः सांगत होते आणि आपण अंगठे टाकत होतो. पुढचं वजन गेलं होतं. बंपरमध्ये विंचवर कॅनव्हासचं झाकण असतं. ते झाकण फुगलेलं दिसत होतं म्हणून कुणी बघितलं नाही. पण आत विंच नव्हती. विंचला सावरीचा कापूस नसतो.”

काकूंचा भजी वाढणारा हात थांबला. “माझी उशी?”

“झाकण रिकामं लोंबलं असतं तर भाऊंना कळलं असतं. म्हणून कुणीतरी आत उशी कोंबली. काकूंच्या कपाटाला हात लावू शकणारा, गाडीच्या वजनावर वाचन केलेला, आणि तुळेतलं परत घ्यायचं नसतं हे न मानणारा. असा इथे एकच आहे.”

सगळ्यांनी हर्षदकडे बघितलं. त्याने भिंतीकडे बघितलं, पण भिंतीपाशी सांगण्यासारखं काही नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “मीच काढली. गुरुवारी. मागचं सगळं वेल्डिंग केलेलं, हलत नव्हतं. विंचला चार बोल्ट होते. सांगितलं असतं तर आईने काढू दिली नसती आणि बाबांनी ऐकलं नसतं. म्हटलं, निदान पुढचं ओझं तरी उतरेल. जरा सुरक्षित होईल.”

“अर्धाच धडा वाचलास रे,” नितेश म्हणाला. “सी-सॉवरून एकटा उतरलास तू.”

“कुठे आहे विंच?” श्रुतिकाने विचारलं.

“माझ्या गाडीच्या डिकीत. फेकायचा धीर झाला नाही.”

“थांबा,” श्रुतिका म्हणाली, “अजून एक जण राहिलाय. शनिवारी विंच नव्हती, तरी त्याच वळणावर जीप वळली. नाहीतर भाऊ आवाज पाठवायला परत आले नसते. रविवारी वळली नाही. म्हणजे मध्ये मागचं वजन आणखी वाढलं. नितेश म्हणतो कॅन रिकामे होते. पण मी म्हशीला कॅनखालचं पाणी पिताना बघितलं. रिकाम्या कॅनमधून डबकं होत नाही.”

मग काकूंनी परात खाली ठेवली.

“शनिवारी सांजचा लक्षात इला माझ्या,” त्या म्हणाल्या. “दान दिलेला भांडा रिकामा कसा ठेवायचा? मग दोनय भरले. काठापर्यंत.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “पाणीच होता गो. पाण्याने काय होता?”

“दोन भरलेल्या कॅनचं वजन, तेही गाडीच्या पार टोकाला,” नितेश हळूच म्हणाला. “वरून तो चढ. चढावर वजन अजून मागे जातं. पुढची चाकं जेमतेम टेकलेली असणार, काकू.”

“थोडक्यात,” श्रुतिका म्हणाली, “नितेशने हौसेने लोखंड लावलं, मी प्रेमाने कॅन दिले, हर्षदने काळजीने विंच काढली आणि काकूंनी श्रद्धेने पाणी भरलं. एवढ्या चांगल्या माणसांपुढे बिचाऱ्या जीपचं काय चालणार?”

हर्षद उठून खिडकीशी गेला. “बाबा, मी तुम्हाला म्हातारं ठरवलं सगळ्यांसमोर. आणि खाली ती उशी मीच—”

भाऊ वळले. टेंगूळ आता पिवळं पडलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग बायकोकडे.

“म्हणजे मी वळवलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“हं.” त्यांनी परातीतलं एक भजं उचललं. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांनी काही स्वतःहून उचललं होतं. “उद्या बघू.”

६

भंगारवाला रविवारी वेळेवर आला. त्याला चहा दिला आणि जीपऐवजी डिकीतली विंच, मागचा बंपर, सांगाडा आणि तिथलं चाक दिलं. नितेशने मागचं सगळं सकाळी कापून काढलं होतं. दान परत घेतलं नाही, पुढे दिलं, अशी काकूंनी मनाची समजूत घातली. फुटका आणि भरलेला, दोन्ही कॅन रिकामे करून श्रुतिकाकडे आले. त्यांत काकूंनी एकेक वेलची टाकली.

मग भाऊंनी जीप बाहेर काढली. शेजारी हर्षद, मागे काकू आणि श्रुतिका. एक दिवा फुटलेला होता आणि उन्हात शेणाचा वास अजून जाणवत होता. आरेचा चढ आला. हर्षदने डॅशबोर्डवर हात टेकला. भाऊंनी गिअर खाली घेतला, वळणाच्या जरा आधी वेग कमी केला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ते जड होतं. भाऊंच्या दंडाच्या शिरा दिसल्या. पुढच्या चाकांनी रस्ता पकडला आणि जीप वळली, मुकाट, मोठ्या आवाजात, जशी ती कायम वळत आली होती.

तबेल्यातल्या कुणीच वर बघितलं नाही. कुंपण नवं होतं.

थोडं पुढे जाऊन भाऊंनी गाडी कडेला लावली. इंजिन बंद केलं. मग खाली उतरले आणि पुढून वळसा घालून हर्षदच्या दाराशी आले.

“सरक.”

“काय झालं? दुखतंय का काही?”

“काही दुखत नाहीये. सरक तिकडे. आता तू.”

“बाबा, तुम्ही उत्तम चालवलीत.”

“ते मला बघायचं होतं, बघितलं. उद्या तू मला थांबवण्यापेक्षा आज मी तुला बसवतो. सरक लवकर, पाय दुखतील माझे.”

हर्षद सरकला. स्टिअरिंगसमोर बसून त्याने खाली बघितलं. तिथे तीन पेडल होते. त्याचा डावा पाय कित्येक वर्षं बेकार होता.

“मला हिचं काही येत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही कधी हातच लावू दिला नाही.”

“तू कधी मागितलीस?”

मागे काकूंनी श्रुतिकाला कोपर मारलं, गप्प राहा म्हणून. श्रुतिका आधीच गप्प होती.

हर्षदने किल्ली फिरवली, क्लच सोडला. जीप बेडकासारखी एकदा उडाली आणि बंद पडली. मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. हर्षदचे कान लाल झाले. त्याने परत किल्ली फिरवली, परत तेच झालं.

भाऊंनी हात खिडकीबाहेर काढून रिक्षाला पुढे जायची खूण केली. मग तो हात आत आणून मुलाच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.

“घाई नाहीये,” ते म्हणाले. “सोड हळूहळू.”